खाट एका विभागाची, रुग्ण दुसऱ्याचा

पावसाळा सुरू झाला की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील रुग्णालयांत दरवर्षी एकच चित्र दिसते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि अन्य तापांच्या रुग्णांनी औषधवैद्यक विभागाचे, म्हणजे रोजच्या भाषेत ‘मेडिसिन’चे, वॉर्ड भरून जातात. अपघात विभागात स्ट्रेचरवर रुग्ण ताटकळत असतात. अशा वेळी कोणीतरी धावत येऊन सांगते, ‘अस्थिरोग विभागात एक खाट रिकामी आहे, तिथे हलवा.’ नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. अखेर खाट मिळाली! परंतु रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने पाहिले, तर एका वेगळ्याच जोखमीचा आरंभ नेमका याच क्षणी होतो.

ज्या विभागाचे डॉक्टर उपचार करीत आहेत त्या विभागाच्या कक्षात जागा नसल्याने रुग्णाला दुसऱ्याच विभागाच्या कक्षात ठेवावे लागणे, ही जगभरातील मोठ्या रुग्णालयांना परिचित असलेली बाब आहे. ब्रिटनमध्ये अशा रुग्णाला ‘आउटलायर’ म्हणतात. आपल्याकडे त्याला निश्चित असे नाव नाही आणि नाव नसल्यामुळेच कदाचित त्याची वेगळी दखलही घेतली जात नाही. कागदोपत्री तो एका विभागाचा असतो, त्याचे शरीर दुसऱ्या विभागाच्या खाटेवर असते आणि त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका तिसऱ्याच प्रकारच्या रुग्णांची सवय असलेली असते.

पर्याय नसतो, हेही खरे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रुग्णाला अन्य विभागाच्या कक्षात ठेवणे म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. अपघात विभागाच्या मार्गिकेत स्ट्रेचरवर तासन्‌तास पडून राहण्यापेक्षा नीट खाट, प्राणवायूची सोय आणि परिचारिकेची नजर मिळणे केव्हाही श्रेयस्कर. सार्वजनिक रुग्णालयांना तर रुग्ण नाकारणे शक्यच नसते. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा आणि २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत, विभागांच्या भिंती बाजूला सारूनच रुग्णांना सामावून घ्यावे लागले.

प्रश्न खाट देण्याचा नाही. प्रश्न आहे तो खाटेसोबत आणखी काय काय द्यावे लागते, याचा. रुग्णाला हलवणे हे वॉर्डबॉयच्या दृष्टीने दहा मिनिटांचे काम असते. त्याच्या आजाराविषयीचे ज्ञान, त्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आणि त्याची जबाबदारी मात्र स्ट्रेचरवरून आपोआप पुढे जात नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक पोहोचवावी लागते.

वॉर्ड म्हणजे केवळ खाटा नव्हेत

एखाद्या विभागाचा कक्ष वर्षानुवर्षांच्या अनुभवातून घडत असतो. तेथील औषधांच्या कपाटात काय असते, आपत्कालीन ट्रेमध्ये काय मांडलेले असते, सकाळी कोणत्या वेळी कोणती तपासणी होते, कोणत्या तक्रारीला किती महत्त्व द्यायचे, हे सारे त्या कक्षाच्या रुग्णांना अनुसरून ठरलेले असते. तेथील परिचारिकांची नजरही तशीच तयार झालेली असते. हृदयरोग कक्षातील परिचारिकेला मॉनिटरवरील रेषेतील बारीक बदल खटकतो, तर मेंदूशल्यचिकित्सा कक्षातील परिचारिका झोपलेल्या रुग्णालाही उठवून त्याच्या बाहुल्या आणि शुद्ध तपासते. हे कौशल्य पुस्तकातून कमी आणि रोजच्या सरावातून अधिक आलेले असते.

हीच सवय चुकीच्या ठिकाणी कशी घातक ठरू शकते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

समजा, डेंग्यूचा एक रुग्ण अस्थिरोग कक्षात ठेवला आहे. तेथील बहुतेक रुग्ण वेदनेने त्रस्त असतात आणि वेदना तत्परतेने शमवणे हे तेथील परिचारिका आपले कर्तव्य मानतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके त्या कक्षात नित्याची. डेंग्यूच्या रुग्णाचेही अंग विलक्षण ठणकते. परंतु डेंग्यूमध्ये डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात, म्हणून ती टाळायची असतात आणि पॅरासिटामॉलवर भागवायचे असते. स्नायूत इंजेक्शन देणेही टाळायचे असते.

याहून सूक्ष्म धोका पुढेच आहे. सर्वसाधारणपणे ताप उतरला की रुग्ण सुधारला, असे आपण मानतो. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरू लागतो आणि गंभीर टप्पा सुरू होण्याची शक्यता असते ती त्याच वेळी. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब ढासळू शकतो. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, अस्वस्थता ही त्याची पूर्वसूचना. मेडिसिनच्या परिचारिकेला हे माहीत असते. अस्थिरोग कक्षात मात्र तक्त्यावर तापमान उतरलेले पाहून ‘आता बरे आहे’ असा निष्कर्ष निघण्याचा संभव असतो.

आता उलट उदाहरण घेऊ. पायाचे हाड मोडून प्लास्टर घातलेला रुग्ण जागेअभावी मेडिसिनच्या कक्षात आहे. रात्री तो वेदनेने तळमळू लागतो. हाड मोडले म्हणजे दुखणारच, असे समजून त्याला वेदनाशामक दिले जाते. अस्थिरोग कक्षातील परिचारिकेने मात्र लगेच बोटांची हालचाल पाहिली असती. बोटे दुसऱ्याने हलकेच ताणल्यावर वेदना असह्य होते का, मुंग्या येतात का, बधिरता आहे का, हे तपासले असते. कारण सुजेमुळे स्नायूंच्या आतील दाब वाढून रक्तपुरवठा खुंटला, तर काही तासांत स्नायू व मज्जातंतूंची कायमची हानी होते, प्रसंगी पाय गमवावा लागतो. तातडीने प्लास्टर उघडणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणे हाच त्यावर उपाय असतो. तेथे नुसते वेदनाशामक देणे म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळून ठेवणे होय.

या दोन्ही उदाहरणांत कोणतीही परिचारिका आळशी वा अकुशल नाही. दोघीही आपापल्या कक्षात अत्यंत सावध आहेत. त्यांचे कौशल्य दुसऱ्या रुग्णांसाठी घडलेले आहे, एवढेच.

‘हा रुग्ण कोणाचा?’

ज्ञानातील दरीइतकीच मोठी दरी जबाबदारीची असते. डॉक्टरांचा राउंड आपल्या विभागाच्या कक्षात सुरू होतो. तेथील तीस-चाळीस रुग्ण पाहून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर एक, शेजारच्या इमारतीत दोन, अशा विखुरलेल्या रुग्णांकडे वळायचे असते. इंग्लंडमधील डॉक्टर अशा फेरीला गमतीने ‘सफारी राउंड’ म्हणतात. त्यात दूरचा रुग्ण शेवटी पाहिला जातो आणि कामाचा ताण वाढला, तर ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून मागे पडतो.

इकडे कक्षातील परिचारिकेपुढे वेगळीच अडचण असते. तिच्या कक्षाचे डॉक्टर समोर वावरत असतात, परंतु ‘तो आमच्या युनिटचा नाही’ असे म्हणून ते केसपेपरला हात लावत नाहीत. ज्यांचा रुग्ण आहे, त्यांचा आज रात्री कोण निवासी डॉक्टर कामावर आहे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक कोणता, हे तिला ठाऊक नसते. रक्ततपासणीचा अहवाल जुन्या कक्षात जाऊन पडतो. आहाराची नोंद बदलत नाही, त्यामुळे मधुमेही रुग्णासमोर साधे जेवण येते. सकाळी शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवायच्या रुग्णांसोबत चुकून त्यालाही उपाशी ठेवले जाते आणि त्याच वेळी इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे दिले जाते. यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरायला अशा दोनच क्षुल्लक गोष्टी एकत्र येणे पुरेसे असते.

दोष व्यक्तीचा की व्यवस्थेचा?

असे काही घडले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, ‘ड्युटीवर कोण होते?’ मग एखाद्या परिचारिकेला कारणे दाखवा नोटीस दिली जाते आणि प्रकरण मिटते. रुग्णसुरक्षेचे शास्त्र मात्र वेगळा प्रश्न विचारायला शिकवते. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज मांडला होता. त्या आकड्यांवर वाद झाले. तथापि, बहुतेक चुका वाईट माणसांमुळे नव्हे तर सदोष व्यवस्थेमुळे घडतात, हा अहवालाचा मुख्य निष्कर्ष पुढे सर्वत्र मान्य झाला.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हेच एका साध्या प्रतिमेतून समजावले आहे. सुरक्षेचे प्रत्येक कवच म्हणजे भोके असलेल्या चीजची एक चकती. एका चकतीतून निसटलेली चूक सहसा दुसरीत अडते. परंतु सगळ्या चकत्यांची भोके एका रेषेत आली की अपघात घडतो. अन्य विभागात ठेवलेल्या रुग्णाबाबत नेमके हेच होते. ओळखीचा कक्ष, ओळखीचे डॉक्टर, ओळखीची औषधे ही त्याची नेहमीची कवचे एकाच वेळी विरळ होतात. म्हणून त्याच्यासाठी काही कवचे मुद्दाम उभी करावी लागतात. त्यांचा क्रम रुग्ण हलवण्याच्या आधीपासून सुरू होतो.

कोणाला हलवावे, कोणाला नाही

पहिला निर्णय निवडीचा. आपल्याकडे पुष्कळदा जो रुग्ण सर्वांत शेवटी येतो, तो दुसऱ्या विभागात जातो. वास्तविक शेवटी आलेला रुग्ण हाच सर्वांत अनिश्चित असतो. त्याचे निदान व्हायचे असते, प्रकृती कोणत्या दिशेला जाईल हे ठाऊक नसते. त्याऐवजी आपल्या कक्षातील स्थिरावलेला, एक-दोन दिवसांत घरी जाणारा रुग्ण दुसरीकडे हलवून नव्या रुग्णाला जागा करून देणे अधिक सुरक्षित. यात एक जादा हलवाहलव होते, पण जोखीम कमी होते.

ज्यांची शुद्ध वा श्वास डळमळीत आहे, ज्यांच्या छातीत नळी आहे, ज्यांच्या मानेवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, जे गोंधळलेल्या अवस्थेत आहेत, अशांना शक्यतो अपरिचित कक्षात पाठवू नये. छातीतील नळीचे उदाहरण बोलके आहे. तिची बाटली सदैव छातीच्या पातळीखाली ठेवावी लागते आणि वाहून नेताना नळी चिमट्याने बंद करायची नसते, अन्यथा छातीत हवा कोंडून जीवावर बेतू शकते. ज्या कक्षात अशी नळी वर्षातून एकदा दिसते, तेथे ही खबरदारी कोणाला आठवेल याची शाश्वती देता येत नाही.

संसर्गाचा विचारही येथेच करावा लागतो. ज्या कक्षात सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आहेत, तेथे वाहती जखम वा संसर्ग असलेला रुग्ण केवळ खाट रिकामी आहे म्हणून ठेवणे म्हणजे एकाची सोय करताना इतरांना धोक्यात घालणे होय.

सोपवणे म्हणजे नुसते सांगणे नव्हे

दुसरे कवच म्हणजे रुग्ण सोपवण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. त्यांत रुग्णाची अचूक ओळख, रुग्ण सोपवतानाचा संवाद आणि उपचारांचे ठिकाण बदलताना औषधांची अचूकता, या तिन्हींना स्थान होते. रुग्ण हलवला जातो तेव्हा नेमके हे तिन्ही दुवे ढिले पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यादीचे महत्त्व कळते.

सोपवणे रुग्णाच्या खाटेजवळ, दोन्ही कक्षांच्या परिचारिका समोरासमोर असताना व्हावे. वॉर्डबॉयच्या हाती केसपेपर देऊन ‘सिस्टरना द्या’ असे सांगणे म्हणजे सोपवणे नव्हे. नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा किमान दोन खुणांनी रुग्णाची ओळख पटवावी. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, कारण नेमका तोच बदललेला असतो. शेवटचे औषध केव्हा दिले, पुढचे केव्हा द्यायचे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, कोणत्या नळ्या कधी घातल्या, पाठीवर व टाचांवर दाबाची जखम आहे का, पडण्याचा धोका आहे का, हे दोघींनी मिळून पाहावे आणि दोघींनी सही करावी.

या सगळ्याच्या जोडीला त्या आजारापुरती एक छोटी चिठ्ठी खाटेशी लावलेली असावी. तिच्यावर चारच गोष्टी हव्यात: हा रुग्ण कोणत्या युनिटचा आहे, कशावर लक्ष ठेवायचे, काय दिसले तर कळवायचे, आणि कोणाला, कोणत्या क्रमांकावर कळवायचे. डेंग्यूच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘ताप उतरल्यावर अधिक सावध राहावे, पॅरासिटामॉलशिवाय अन्य वेदनाशामक नको’ एवढे दोन ओळींत लिहिले, तरी वर सांगितलेला अनर्थ टळू शकतो. तज्ज्ञ परिचारिकेच्या वर्षानुवर्षांच्या ज्ञानाची जागा ही चिठ्ठी घेऊ शकत नाही, पण त्यातील जीवनावश्यक भाग ती पोहोचवते.

रात्री दोनचा दूरध्वनी

तिसरे कवच संवादाचे. मध्यरात्री अनोळखी डॉक्टरला दूरध्वनी करणे हे परिचारिकेसाठी सोपे नसते. संकोच असतो, रागावले जाण्याची भीती असते. मग ‘सर, पेशंट जरा बरा वाटत नाही’ असे मोघम सांगितले जाते आणि पलीकडून ‘सलाईन चालू ठेवा, सकाळी पाहतो’ असे तितकेच मोघम उत्तर येते.

यावर ‘एसबार’ नावाची एक पद्धत सर्वत्र वापरली जाते. तिचा उगम अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील संदेशवहनात आहे. पुढे ‘कैसर पर्मनन्टे’ या आरोग्यसंस्थेतील डॉ. मायकेल लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुग्णालयांसाठी घडवली. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस अशा चार पायऱ्यांत बोलायचे, एवढेच तिचे सूत्र. आपल्या डेंग्यूच्या रुग्णाबाबत तो संवाद साधारण असा होईल:

‘सर, मी अस्थिरोग कक्षातून सिस्टर बोलतेय. तुमच्या युनिटच्या डेंग्यूच्या रुग्णाचा रक्तदाब ९० वर ७० आला आहे, नाडी १२० आहे. वय ३४, आजाराचा पाचवा दिवस, ताप संध्याकाळीच उतरलाय. तेव्हापासून पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्या, सहा तासांत लघवी झालेली नाही, हातपाय गार लागतायत. मला वाटतं, तो शॉकमध्ये जातोय. आपण लगेच यावं. तोवर सलाईन किती वेगाने चालू ठेवू?’

एवढे बोलायला अर्धा मिनिट लागतो. पण यात मोघम असे काही नाही. परिचारिकेने निरीक्षण सांगितले, स्वतःचे मत दिले आणि स्पष्ट मागणी केली. दूरध्वनीवर मिळालेला आदेश तिने लिहून घेऊन परत वाचून दाखवावा, की ऐकण्यातील चूकही टळते.

आकड्यांची समान भाषा

चौथे कवच सर्व विभागांना समजेल अशा समान मापाचे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ या नावाची पूर्वसूचना गुणपद्धती प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, बाहेरून प्राणवायू दिला जातो का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टरांनी पाहायचे, सात वा अधिक झाली की आणीबाणी समजायची. सोळा वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांच्यासाठी मात्र ती नाही.

वरच्याच रुग्णाचा श्वास मिनिटाला २४ आहे, असे धरू. त्याचे २ गुण, १२० नाडीचे २, ९० रक्तदाबाचे ३, अशी बेरीज ७ होते. तापमान ९८.२ फॅरनहाइट, म्हणजे अगदी सामान्य, त्याचा गुण शून्य. ज्या तक्त्यावर फक्त तापाची रेषा पाहिली जाते, तेथे हा रुग्ण बरा होत असल्याचे दिसेल. ज्या तक्त्यावर सातही गोष्टी मोजल्या जातात, तेथे आणीबाणी दिसेल. डेंग्यूचे बारकावे ठाऊक नसलेल्या परिचारिकेलाही हा आकडा बोलायला बळ देतो. आणि ज्यांचा रुग्ण आहे ते डॉक्टर अर्ध्या तासात पोहोचू शकले नाहीत तर काय, याचेही उत्तर आधी ठरलेले हवे. नियम असा असावा की आणीबाणीत सर्वांत जवळचा डॉक्टर रुग्ण पाहील, मग युनिट कोणतेही असो. १९९० च्या सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये सुरू झालेल्या तातडीच्या वैद्यकीय पथकांमागे हाच विचार होता.

औषधाचे कपाट

औषधांची जोखीम वेगळी सांगायला हवी. कक्षात नेहमी न लागणारे औषध हवे झाले की ते शेजारच्या कक्षातून उसने आणले जाते. या उसनवारीत नोंद राहत नाही आणि ज्या औषधाची सवय नाही, त्याची मात्रा व देण्याची पद्धत चुकण्याची भीती असते. तीव्र पोटॅशियम क्लोराइड हे त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण. ते पातळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय थांबू शकते. म्हणूनच अशी तीव्र द्रावणे सर्वसाधारण कक्षांत खुली ठेवू नयेत, असा आग्रह जागतिक आरोग्य संघटनेच्या वरील नऊ उपायांत धरला आहे. अन्य विभागातील रुग्णासाठी अशी औषधे लागणार असतील, तर ती औषधशाळेतून रुग्णाच्या नावाने यावीत आणि देताना दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे तपासावीत.

मनुष्यबळाचे काय?

आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक उपायाला परिचारिकेचा वेळ लागतो आणि तोच आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांतील सर्वसाधारण कक्षांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. सरकारी रुग्णालयात ज्याने रात्रपाळी पाहिली आहे, त्याला हा निकष आणि वास्तव यांतील अंतर वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत, परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून अन्य विभागाचे पाच रुग्ण पाठवताना केवळ खाटा मोजून चालत नाही. त्यांच्यासोबत निदान एक परिचारिका पाठवता येते का, हे अधिसेविकेने पाहायला हवे.

करोनाच्या काळात विविध विभागांतील परिचारिका रातोरात करोना कक्षांत नेमल्या गेल्या. अनेकींनी तोवर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हाताळलेला नव्हता. अशा वेळी अनुभवी परिचारिकेसोबत नवखीची जोडी लावणे आणि एकेका कामाचे छोटे प्रशिक्षण देणे उपयोगी ठरते. शांततेच्या काळात हा धडा विसरण्याचे कारण नाही. मे महिन्यात, पावसाळ्याआधी, अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा कक्षांतील परिचारिकांना डेंग्यू व लेप्टोच्या धोक्याच्या खुणा तासाभरात शिकवता येतात. त्यासाठी नवे पद वा नवी इमारत लागत नाही.

आणि काही निसटलेच, तर त्याची नोंद शिक्षेच्या भीतीशिवाय करता आली पाहिजे. थोडक्यात टळलेली चूक ही रुग्णालयाला फुकट मिळालेली शिकवण असते. ती दडवली गेली, की पुढच्या वेळी तिची किंमत रुग्ण मोजतो.

नातेवाइकांनी काय विचारावे

वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला, तर खाट मिळाल्याच्या आनंदात काही प्रश्न विचारायला विसरू नये. आमचा रुग्ण कोणत्या डॉक्टरांच्या अखत्यारीत आहे? ते किंवा त्यांचे सहकारी येथे दिवसातून केव्हा येतील? रात्री त्रास झाला तर सिस्टर कोणाला बोलावतील? कोणती लक्षणे दिसली तर आम्ही लगेच सांगायचे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत, आपल्या उपचारांची प्रमुख जबाबदारी कोणत्या डॉक्टरांवर आहे हे जाणून घेण्याचा हक्क नमूद केला आहे. तेव्हा हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

चालू औषधांची यादी, अ‍ॅलर्जी, मधुमेह वा रक्तदाबाची माहिती एका कागदावर लिहून जवळ ठेवावी आणि कक्ष बदलल्यावर ती नव्या परिचारिकेला दाखवावी. औषध देताना नाव विचारले जात नसेल, तर आपणहून सांगावे. ‘आज वेगळा वाटतोय’ ही आईची वा पत्नीची शंका पुष्कळदा यंत्रांच्या आधी खरी ठरते. ती सांगायला संकोचू नये आणि ऐकणाऱ्यांनीही ती झटकू नये. त्याचबरोबर समोरची परिचारिका आपल्या नेहमीच्या रुग्णांखेरीज हा अनोळखी भार वाहते आहे, हेही ध्यानात ठेवावे. तिच्यावर आवाज चढवल्याने रुग्ण सुरक्षित होत नाही. किंबहुना, पुढच्या वेळी शंका विचारताना तीच कचरते.

खाटांची टंचाई एका वर्षात संपणार नाही. येत्या पावसाळ्यातही मेडिसिनचे वॉर्ड भरतील आणि रुग्ण अस्थिरोग, नेत्र, शल्य विभागांच्या खाटांवर झोपतील. त्या प्रत्येक खाटेशी रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या परिचारिकेला ‘हा रुग्ण कोणाचा, काय पाहायचे, केव्हा आणि कोणाला बोलवायचे’ या चार प्रश्नांची उत्तरे शोधावी न लागता समोर लिहिलेली दिसली पाहिजेत. एवढे साधले, तर खाट कोणत्याही विभागाची असली तरी रुग्णाला त्याची झळ पोहोचणार नाही.